केबिनमधली टकटक

भाविकाच्या हाताला थर्मामीटर लागत नाही, हे कळंबोलीच्या ट्रकवाल्यांच्या गल्लीत कोणीही सांगेल. एसीच्या जाळीसमोर हाताची पालथी बाजू धरायची आणि अंशांचा आकडा सांगायचा. बहुतेक वेळा तो बरोबरच निघायचा. ही विद्या बापाची. काशीराम मूळचा गव्हाणचा, मिठागरातून गाड्यांकडे वळलेला. आता गुडघे गेले, म्हणून गॅरेजच्या दारात खाट टाकून लेकीच्या कामात चुका शोधत बसायचा. चूक सापडली नाही की त्याला जेवण गोड लागायचं नाही.

तर मे महिना होता. बाराचं ऊन असं, की डांबराला चप्पल चिकटावी. आणि अशात गॅरेजसमोर एक ट्रक येऊन थांबला, त्याच्या काचांवरून बाहेरच्या बाजूने पाणी ओघळत होतं. दार उघडून धर्मराज उतरला, तो चक्क स्वेटर आणि माकडटोपी घालून. गल्ली हसली. "काय रे, महाबळेश्वर करून आलास काय?" शेजारचा पंक्चरवाला ओरडला. धर्मराज हसला नाही. उन्हात उभा राहून तो हात चोळत होता.

"ताई, एसी बंद आहे," तो भाविकाला म्हणाला. "दोन दिवस झाले, बटणाला हातही लावलेला नाही. तरी बघा तुम्ही."

भाविका वर चढली. जाळीसमोर हात धरला आणि तिने तो लगेच मागे घेतला. चार. फार तर पाच.

"दोन महिने झाले गाडी घेऊन," धर्मराज खालून सांगत होता. "सेकंडहँड आहे. आधी वाटलं, बरंय, गारवा आहे. आता मागच्या बर्थवर पाठ टेकली की हाडं गोठतात. अकरा दिवस धड झोप नाही. काल घाटात दोन मिनिटं गेली, ती कुठे गेली मला आठवतच नाही. संध्याकाळी माल भरून निघायचंय. घरी बायकोला, दिपिकाला, सातवा महिना आहे, ताई. आज गाडी सारखी झाली नाही, तर पुढच्या वेळी घाटात काय होईल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको."

भाविकाने डॅशबोर्ड उघडला. आत काहीतरी वाजत होतं. टक… टक… टक.

हा आवाज तिच्या ओळखीचा. थंड-गरम हवेचा पडदा फिरवणारी एक छोटी मोटार असते, तिचे दाते झिजले की ती अशीच जागच्या जागी टकटकते. पडदा थंडीकडेच अडकलेला होता. रोग सापडला म्हणून तिला बरं वाटलं. तिने मोटार काढली, नवी बसवली, बटण फिरवून पाहिलं. पडदा झकास फिरला.

टक… टक… टक.

"दुसरी मोटार पन खराब असंल," खाटेवरून काशीराम म्हणाला. त्याला मनापासून आनंद झालेला दिसत होता.

"आबा, जुनी माझ्या हातात आहे. नवी तर झकास फिरतेय. आणि आवाज तिथून येतच नाय." भाविकाचा स्वर हळू झाला. "मागून येतोय."

तिने कॉम्प्रेसरची वायर काढली. मग पंख्याचा फ्यूज काढला. पंखा थांबला. हवा मात्र येत राहिली, हळू, अंगाला भिडणारी. तिला एक वास होता, विझलेल्या कोळशाचा आणि ओल्या घोंगडीचा. बर्थचा पडदा किंचित थरथरत होता. भाविकाने तो एका झटक्यात बाजूला केला.

बर्थवर कोणी नव्हतं. गादी उचलली, तर खालच्या प्लायवर एक काळा गोल डाग, ताटाएवढा, जळलेला. आणि टकटक आता तिच्या कानाशी होती. त्या क्षणी तिला कळलं की ही कुठल्या यंत्राची टकटक नाही. कडाक्याच्या थंडीत माणसाचे दात असे वाजतात.

ती खाली उतरली तेव्हा तिची बोटं पांढरी पडली होती. दुसरा कोणी असता तर लिंबू-मिरची बांधून गाडी वाटेला लावली असती. पण भाविकाचा स्वभाव वाईट. रोग सापडल्याशिवाय गाडी सोडायची म्हणजे तिला पराभव वाटायचा, मग तो रोग कुठल्याही जगातला असो. ती सरळ केबिनखाली शिरली. इंजिनाचं गरम पाणी नेणारे दोन पाईप हीटरपर्यंत पोचलेच नव्हते. मध्येच तोडून एका वाकवलेल्या तांब्याच्या नळीने एकमेकांना जोडून टाकले होते. नळीला दुहेरी पट्ट्या, पट्ट्यांचे स्क्रू समोरासमोर, आणि त्यांवर पिवळ्या रंगाचा ठिपका.

पनवेल तालुक्यात असं काम एकच माणूस करायचा.

"आबा," ती म्हणाली, "इकडे या जरा."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या घामाच्या मुलखात ट्रकचा हीटर म्हणजे नसती ब्याद. पाईप कुजला की उकळतं पाणी ड्रायव्हरच्या पायावर. म्हणून काशीराम हाती आलेल्या प्रत्येक गाडीचा हीटर न विचारता बंद करून द्यायचा, तेही फुकटात. वर विचारायचा, "पनवेलात हीटर कोनाला पायजे?" त्यावर सगळी गल्ली हसायची. वर्षानुवर्षं हसली.

काशीराम काठी टेकत आला. वाकून पाहिलं आणि तसाच वाकलेला राहिला.

"हे तुमचंच काम ना?"

"माजंच." त्याने नळीवरून अंगठा फिरवला. "नेऱ्याकडचा पोर व्हता. अनंता. डोंगराखालच्या वाडीवरचा. पयलाच लांबचा फेरा त्याचा. बोलला, काका, हीटर तेवढा ऱ्हाऊ दे, वर बर्फात जायचाय… मी हसलो. बोललो, कोलशाच्या भट्टीवर जल्मलास तू, तुला रं कसली थंडी?"

"मग?"

"मग काय. गेला. परत काय आला नाय. आनि मी कोनाला इचारला पन नाय."

धर्मराजने टोपी काढली. "मला सांगितलं होतं की आधीचा ड्रायव्हर झोपेत गेला," तो पुटपुटला. "वर, बर्फात. काचा बंद करून केबिनमध्ये कोळशाची शेगडी पेटवली होती म्हणे. आत धूर कोंडला."

 वर केबिनमध्ये टकटक चालूच होती.

भाविकाने पाना घेतला. रडायचं नंतर, काम आधी, हेही तिला बापानेच शिकवलेलं. तांब्याची नळी कापली. नवे पाईप हीटरपर्यंत नेऊन घट्ट बसवले, पाणी भरलं, पाण्यात अडकलेली हवा काढली. वायरी, फ्यूज, सगळं जागेवर. इंजिन चालू केलं. काटा मध्यावर आला, पाईप हाताला चटका देऊ लागला. तिने बटण लाल टोकाला नेलं.

जाळीतून थंडगार हवा आली. चार. फार तर पाच.

"मना वर घे," काशीराम म्हणाला.

दोघांनी धरून त्याला चढवलं. दारं लावून घेतली. भाविका स्टिअरिंगपाशी, तो बाजूला. बाहेर उन्हाने गल्ली पांढरी झालेली आणि आत त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. म्हातारा मागे वळला नाही. समोर बघतच बोलला.

"अनंता… मी काशीराम. हीटर जोडलाय रं पोरा. माजा चुकला. तू मागितलास तवाच द्यायला पायजे व्हता… ये, फुडं सरक. ऊब घे."

टकटक वाढली. पडद्याच्या मागून पुढे आली, दोन सीटांच्या मध्ये. भाविकाच्या मानेवर कोणाचा तरी श्वास पडला, बर्फासारखा. तिचा हात दाराच्या कडीवर गेला. एक हिसका दिला की बाहेर ऊन होतं. काचेतून तिला धर्मराज दिसला, स्वेटर घालून उभा, डोळे तांबारलेले. तिने कडीवरचा हात काढला आणि जाळीसमोर धरला.

"पाच," ती म्हणाली. "पाच… सात."

"घे रं, घे."

"अकरा… सोळा… आबा, एकवीस झालं." तिचा आवाज चढत होता. "तीस. चाळीस, आबा."

टकटक हळू झाली. मग एक-एक, लांब-लांब. मग एक सुस्कारा, पोटभर जेवल्यावर माणूस सोडतो तसा. बंद हीटर पहिल्यांदा चालला की तापल्या धुळीचा वास येतो, तो केबिनभर पसरला, आणि कोळशाचा वास गेला तो गेलाच. काचांवरचं पाणी खालून वर सुकत गेलं.

बापलेक खाली उतरले ते घामाने न्हाऊन. मेच्या उन्हात हीटर लावून बसलेले ते दोन शहाणे. आधी भाविका हसली, मग काशीराम, आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. त्यानंतर तिने एसी बावीसवर ठेवला. हात सांगत होता बावीस, पण आज पहिल्यांदाच तिने थर्मामीटरही लावला. बावीस. धर्मराज केबिनमध्ये चढला, बर्थवर आडवा झाला, आणि पाचव्या मिनिटाला त्याचं घोरणं गल्लीत ऐकू आलं. चार वाजेपर्यंत भाविकाने तिथे कोणाला हॉर्न वाजवू दिला नाही.

धर्मराज गेला, आला, पुन्हा गेला. दोन महिन्यांनी पेढे घेऊन आला, मुलगी झाली म्हणून. गल्लीत भाविकाचं नाव झालं. तेव्हापासून ती बापाने बंद केलेले हीटर शोधशोधून उघडते, फुकटात. कोणी म्हणालं की पनवेलात हीटर कोणाला पाहिजे, तर काशीरामच खाटेवरून खेकसायचा, "तू काय पनवेलातच मरनार हाय?"

ती जुनी, झिजलेली मोटार भाविकाने फळीवर ठेवली आहे. तिला वायर नाही, काही नाही. तरी हीटर तोडलेली गाडी दारात आली की ती वाजते. टक… टक. आधी घाबरायचे सगळे. आता तिचं कौतुक करतात, की भाविकाताईची मोटार खोटं बोलत नाही.

परवा दुपारी ती वाजली. भाविका पाना घेऊन बाहेर आली. गल्ली रिकामी होती. एकही गाडी नाही. दारात फक्त काशीराम, खाटेवर झोपलेला, अंगावर ऊन.

तिने सवयीने हाताची पालथी बाजू त्याच्या पावलांपाशी धरली. एवढ्या उन्हातही ती गार पडली होती.

मग आत जाऊन तिने घरातली असतील नसतील तेवढी पांघरुणं आणली आणि एकावर एक बापाच्या अंगावर घातली. फळीवरची टकटक अजून थांबली नव्हती.