एक सोडला

सांगतो, पण मधेच हसायचं नाही. आज माझ्या ऑफिसात चौदा जण नकाशे काढतात, त्यांतला एकही मला घाबरट म्हणणार नाही. आणि ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारी बाराची आहे.

त्रेसष्टचा मे महिना. मी मुंबईला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला होतो आणि सुट्टीत यवतमाळला पूनमसिंगसाहेबांच्या ऑफिसात उमेदवारी करत होतो. फुलसावंगीच्या आमच्या वस्तीतून मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच. छप्पन साली बानं दीक्षा घेतली तेव्हा माझं कचरू हे नाव टाकलं आणि धर्मपाल ठेवलं. त्या नावाचा मला भारी अभिमान होता. कुठं कोरा कागद दिसला की सहीच करत सुटायचो.

दिग्रसला एक बंद पडलेलं कापसाचं जिनिंग होतं, त्याची मुलींची शाळा करायची होती. साहेबांनी त्याचं मोजमाप माझ्यावर टाकलं.

"नकाशाच्या कोपऱ्यात मोजमापाची चौकट असते," ते म्हणाले. "बाहेरचं माप आन् आतलं माप जुळलं, तर तिथं तुझं नाव. नाही जुळलं, तर सुट्टीभर ट्रेसिंग करत बस."

उमेदवाराचं नाव नकाशावर! त्या ऑफिसात असं कधी झालंच नव्हतं. मला एस.टी.त बसल्या बसल्या ती चौकट दिसत होती.

टेप धरायला सोबत शब्बीरभाई होते. दिग्रसचेच, पन्नाशीचे, शांत माणूस. सकाळभर आम्ही बाहेरची मापं घेतली. ऊन इतकं की भिंतीला हात लावता येईना. मग आतला हॉल राहिला. पुढचं दार उघडलं तशी सरकीच्या जुन्या तेलाचा वास अंगावर आला, आणि त्याच्याखाली काहीतरी ओलसर, बंद तळघरासारखं. खिडक्यांना पत्रे ठोकलेले. दारापासून दहा पावलं उजेड, पुढं डोळ्यात बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार.

"मी मांगच्या दारानं येतो बाबू," शब्बीरभाई म्हणाले आणि वळसा घालून गेले.

मी टेपचं टोक जमेल तितकं आत फेकलं आणि वाट पाहत उभा राहिलो. थोड्या वेळानं आत अनवाणी पावलं वाजली. टोक उचललं गेलं. माझ्या हातातल्या चामडी डबीतून टेप सरसर जाऊ लागली, लांब, आणखी लांब, आणि ताठ झाली.

"धरलं का?" मी ओरडलो.

"धरलं…" आतून आवाज आला. "एक सोडला."

काय सोडलं, ते कळलं नाही. मला वाटलं, शब्बीरभाईंची बोलायची लकब असेल. मी आकडा लिहिला. मग आडवं माप झालं. प्रत्येक वेळी तेच. "धरलं… एक सोडला." आवाज जरा घोगरा वाटत होता, पण अंधारात आणि उन्हाच्या तापात कोणाचा नाही होत? शेवटी उंची राहिली.

"वर धरता येते का?"

टेप माझ्या डोक्यावरून वर गेली. सावकाश. शिडी सापडली असावी, असं मी स्वतःलाच सांगितलं.

"एक सोडला…" आता वरून.

आकडा लिहून मी बाहेर आलो, तर शब्बीरभाई समोरच्या रस्त्यानं घामाघूम येत होते. हातात किल्ली.

"मांगचं दार बंदच हाये ना बाबू! चौकीदाराच्या घरी चावी आनाले गेलतो. चला, घेऊ आतली मापं."

खरं सांगावं, तर हा माणूस घाबरेल, साहेब हसतील आणि चौकट जाईल. मी म्हणालो, "झाली घेऊन. एकट्यानंच घेतली." शब्बीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराच्या आतल्या अंधाराकडे. किल्ली खिशात टाकली. अशा वेळी माणूस खोटं बोलतो ते भीतीपोटी, असं लोक म्हणतात. मी गर्वापोटी बोललो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मापं मांडली. जुळेनात. आतली लांबी आणि दोन भिंती मिळून बाहेरच्या मापापेक्षा बरोबर एक फूट जास्त. आडवंही तसंच. चूक असती तर कुठं दोन इंच, कुठं पाच. ही सगळीकडे एकच. माझ्या डोळ्यांसमोरून ती चौकट पुसली जाऊ लागली, आणि मी रडकुंडीला येऊन साहेबांना सगळं सांगून टाकलं. आवाजाचंसुद्धा.

साहेब हसले नाहीत.

"काय म्हणाला तो? पुन्हा सांग."

"एक सोडला."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "निजामुद्दीन मिस्त्री. माझ्या वडलांच्या वेळचा. त्याच्या टेपची पितळी कडी तुटलेली होती, म्हणून तो पहिला फूट सोडून दुसऱ्यापासून धरायचा. समोरच्यानं आकड्यातून एक कमी करायचा, म्हणून दर वेळी सांगायचा." त्यांनी मापांचा कागद पुढं ओढला. "त्या जिनिंगची मापं घेता घेताच गेला. उन्हाळाच होता."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक आकड्यातून एक कमी केला. पाव इंचाचाही फरक उरला नाही.

"मापं बरोबर हायेत. नाव लिही तुझं."

मी लिहिलं. धर्मपाल उकंडा. अक्षर, आईशपथ, छापल्यासारखं आलं. टेपचं दुसरं टोक कोणी धरलं होतं, त्याचा विचार मी त्या क्षणी केला नाही. नकाशा घेऊन मी फुलसावंगीला गेलो. बा छप्पननंतर अक्षरं शिकला होता. त्यानं बोट ठेवून एकेक अक्षर लावत माझं नाव वाचलं, मग त्याचं स्वतःचं, आणि डोळे पुसत म्हणाला, "माह्यं नाव कागदावर आलं रे पोरा. ते बी शाळेच्या."

त्यासाठी मी दहा भुतं सोसली असती.

पावसाळ्याआधी काम सुरू झालं. हॉलच्या खिडक्या उघडल्या, बांबूची परांची बांधली. शिडी, जिना, वर जायला आत आधी काहीच नव्हतं, ते तेव्हा मला उजेडात दिसलं. उंची पुन्हा मोजायला शब्बीरभाई छताच्या कैचीपर्यंत चढले.

"बरोबर हाये बाबू!" ते वरून ओरडले. मी छाती फुगवून मुकादमाकडे पाहिलं.

मग ते भिंतीकडे वाकले.

"बाबू… भिंतीवर पेन्सिलीनं लिवलं हाये. आकडा हाये तुमचाच. आन् खाली उर्दूत नाव."

"कोणाचं? निजामुद्दीनचं?"

त्यांनी बोटानं धूळ पुसून पुन्हा वाचलं.

"नाही जी. धर्मपाल, वल्द उकंडा."

त्या हॉलमध्ये मी माझं नाव सांगितलं नव्हतं. बापाचं तर नाहीच नाही.