ऋजुताची पुठ्ठ्याची घसरगाडी

बर्फ जितका थंड तितका जास्त घसरडा, असं तुम्हालाही वाटतं ना? ऋजुतालाही वाटायचं. म्हणून तर ती भल्या सकाळी, उणे तीस अंशांत, पुठ्ठ्याची घसरगाडी घेऊन टेकाडावर गेली. वर बसली, पाय उचलले, आणि गाडी जागची हलेना.

ही २०६८ सालची गोष्ट. अंटार्क्टिकावरच्या ‘हिमकुटी’ वसाहतीत ऋजुता आजोबांजवळ राहायची. आजोबा बर्फाचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ. आई मात्र सात महिने दूरच्या तळावर होती आणि तिचं काम आणखी चार महिने चालणार होतं. पडद्यावर ती रोज दिसायची. पण पडद्याच्या कुशीत शिरता येत नाही. आईची खोबरेलाची एक बाटली घरी राहिली होती. फारच आठवण आली की ऋजुता तिचं झाकण उघडून वास घ्यायची.

त्या तळावर शिधा घेऊन गाडी जाणार होती. तिच्यात मुलांसाठी एकच जागा. ती कुणाला द्यायची याचा वसाहतीत रिवाजच होता. स्वयंपाकघरातल्या रिकाम्या खोक्यांची घसरगाडी करायची, आणि ज्याची सर्वांत लांब जाईल त्याला जागा. शर्यत दोन दिवसांवर आली होती.

आजोबांनी ऋजुताची घसरगाडी उलटी करून पाहिली. तळाला पांढरे गोळे चिकटले होते आणि त्यांत बर्फाचे कण रुतले होते.

“काय लावलंस?”

“आईचं खोबरेल. बिजागरी कुरकुरली की आपण तेलच घालतो ना.” तिने रिकामी बाटली पुढे केली. “सगळं संपलं, आजोबा.”

एरवी आजोबांनी चेष्टा केली असती. कोकणातल्या देवरूखच्या सौम्य थंडीतसुद्धा जे तेल उन्हात ठेवून पातळ करावं लागतं, ते इथे पातळ कसं राहणार? पण रिकामी बाटली पाहून त्यांनी तिला जवळ घेतलं. मग म्हणाले, “बर्फ नुसताच घसरडा नसतो, बाळा. त्याच्या अंगावरचा ओलावा घसरडा असतो.”

त्यांनी तिला तळहात एकमेकांवर घासायला लावले. हात गरम झाले. गाडी बर्फावर घासते तेव्हाही घर्षणामुळे (दोन वस्तू घासताना होणाऱ्या अडथळ्यामुळे) अशीच थोडी ऊब तयार होते. त्या उबेने बर्फाचा पापुद्रा किंचित वितळतो आणि केसाहूनही पातळ अशा ओल्या थरावरून गाडी सुळकन जाते. थंडी फारच असली तर तेवढी ऊब पुरत नाही. मग बर्फाचे कण कोरडे, टोकदार राहतात, आणि गाडी वाळूत ओढल्यासारखी अडते. शिवाय पुठ्ठा तेल पितो, पाणीही पितो, आणि लिबलिबीत होतो. मेण मात्र पाण्याला जवळ येऊ देत नाही.

दोघांनी नवी गाडी केली. पुठ्ठ्याच्या पोटातल्या नळ्या लांबीच्या दिशेने ठेवल्या, म्हणजे तो वाकत नाही. गाडीच्या तळाला मेणबत्ती घासघासून तो आरशासारखा केला.

शर्यतीच्या सकाळी क्रमाच्या चिठ्ठ्या निघाल्या आणि ऋजुताला पहिला नंबर मिळाला. तिने तो शर्यतीतल्याच परमिंदरला देऊन त्याचा शेवटचा घेतला. सगळ्यांनी तिला वेड्यात काढलं. नऊ जण घसरून जाईपर्यंत ती बाजूला उभी राहिली. पण सूर्य वर आला, पारा उणे आठपर्यंत चढला आणि नऊ गाड्यांनी वाट घासून गुळगुळीत केली. मग ती बसली. तिची गाडी सर्वांच्या खुणा ओलांडून निशाणाच्याही पुढे जाऊन थांबली.

शिध्याची गाडी तिसऱ्या दिवशी सूर्य टेकताना दूरच्या तळावर पोचली. उताराच्या पायथ्याशी नारिंगी कोटात आई उभी होती. ऋजुताने उताराच्या माथ्यावर घसरगाडी खाली ठेवली, एक पाय आत टाकला आणि शिध्याच्या गाडीवरच्या तापमापकाकडे पाहिलं. उणे पस्तीस.

आत्ता ही चालायची नाही, हे तिला आता पक्कं ठाऊक होतं. गाडी तिथेच टाकून ती धावत सुटली, दोनदा पडली, आणि आईच्या कुशीत शिरली. टोपीखालच्या केसांना खोबरेलाचा वास होता. किती तरी वेळ तिने नाक तिथून काढलंच नाही.

“गाडी वर का ठेवलीस?” आईने विचारलं.

“उद्या दुपारी सांगते,” ऋजुता म्हणाली. “तेव्हा आपण दोघी बसू.”