पोल्डी पायी का उतरतो?

"दोघं-दोघं! एकट्यानं कुणी जायचं नाही!" लिफ्टवाला आलोईस ओरडला, आणि त्यानं आपल्याच लेकीच्या, व्हेरेनाच्या, शेजारी एका उंचाड्या अनोळखी तरुणाला उभं करून टाकलं.

सांक्ट क्विरिन या डोंगरातल्या गावची स्की-लिफ्ट जुनी. तारेला लोंबणारा आडवा दांडा मागून येतो, बुडाखाली बसतो आणि दोघांना स्कीसकट चढावर ओढत नेतो. जोडी सारख्या उंचीची असली तर ठीक! व्हेरेना तर त्या तरुणाच्या खांद्यालाही पुरत नव्हती. दांडा तिच्या कमरेत रुतला आणि त्याच्या गुडघ्यांमागे अडकला.

"माफ करा हं... मी जरा वाकून उभा राहू का?"

"मुळीच नको! वाकलात की दोघंही आपटू."

"मग काय करू?"

"श्वास घ्या. खालपासून तुम्ही श्वासच घेतलेला नाही."

तो हसला. भुवयांवरचं हिम भुरुभुरु गळलं... आणि नऊ मिनिटांची ती कंटाळवाणी चढण व्हेरेनाला त्या दिवशी उगाचच आखूड वाटली.

वर पोचल्यावर मात्र नवल झालं. त्यानं स्की काढल्या, खांद्यावर टाकल्या, टोपी उचलून तिचा निरोप घेतला — आणि कडेच्या पायवाटेनं चक्क चालत खाली निघाला!

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. व्हेरेना पाहुण्यांना स्की शिकवायची. तिचा वर्ग तीनला सुटायचा, आणि नेमका तेव्हाच हा रांगेत हजर असायचा. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "कुणीतरी हेर असणार!" आलोईसला तर चीडच आली होती. "अगं, सगळी गंमत उतरण्यात! हा माणूस केक टाकून कागद चाटतोय!"

चौथ्या दिवशी व्हेरेनाला राहवेना.

"एक विचारू? तुम्ही पायी का उतरता?"

"स्कीवर उतरता येत नाही म्हणून."

"मग वर कशाला येता?"

"वर यायला... आवडतं." त्याचे कान लाल झाले. थंडीनं असतील, असं तिनं स्वतःला सांगितलं.

त्याचं नाव पोल्डी. नॉयझीडलच्या तळ्याकाठचा, सपाट मुलखातला. चर्चमधले जुने, नळ्यांचे ऑर्गन दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि इथल्या चर्चचा ऑर्गन त्यानं आठवड्यापूर्वीच खोलला होता. "आमच्याकडे सगळ्यांत उंच जागा म्हणजे धुराड्यावरचं करकोच्याचं घरटं," तो म्हणाला.

"शिकवू का उतरायला? पण बर्फावर अहो-जाहो चालत नाही हं. सगळे अरे-तुरे."

"मग शिकव ना... तू."

बुटांनी त्याच्या नडग्या सोलल्या. कॉलरमधून बर्फ पाठीवर ओघळला, बोटं बधिर झाली, आणि अंधार पडायच्या आत तो सतरा वेळा पडला.

"लोक याला सुख म्हणतात?" त्यानं आडव्या अवस्थेतच विचारलं.

"धीर धर. टोकं जवळ, टाचा लांब. आणि पायांकडे नको, माझ्याकडे बघ."

"तेच तर करतोय," तो पुटपुटला, आणि अठराव्यांदा पडला.

सहाव्या दिवशी मात्र तो अख्खा उतार न पडता उतरला. खाली येऊन थांबला. डोळ्यांत पाणी, चेहऱ्यावर अचंबा. "व्हेरेना... वारा कानात गात होता गं!" आनंदाच्या भरात त्यानं तिचे हात धरले. सोडायला दोघांनाही जरा उशीरच झाला.

मग तीन दिवस बर्फाचं वादळ. लिफ्ट बंद, रस्ते बंद. चौथ्या सकाळी आभाळ निळंभोर झालं. उतारावर गुडघाभर कोरा, कापसासारखा बर्फ. अशा सकाळसाठी व्हेरेना वर्षभर जीव टाकायची. ती बुटांची बकलं आवळत होती, तेवढ्यात दारात पोल्डी. हातात टोपी.

"माझा जोडीदार पायऱ्यांवरून घसरला. मनगट मुरगळलंय त्याचं. सूर लावायचे तर कुणीतरी पट्टी दाबून धरावी लागते, मी आत नळ्यांपाशी असतो. रविवारी प्रार्थनेला ऑर्गन वाजायला हवा... आणि सोमवारी मी निघतोय."

सोमवारी! हे तिला ठाऊकच नव्हतं.

"आजच यायला हवं?"

"आजच."

"पोरी, असा बर्फ पुन्हा मिळायचा नाही!" आतून आलोईस ओरडला.

व्हेरेनानं एकदा उताराकडे पाहिलं... आणि बूट काढले.

चर्चमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. ती पट्ट्यांपुढे बसली. पोल्डी नळ्यांच्या रानात दिसेनासा झाला. नुसता आवाज यायचा, "पुढची... धर... सोड." बाहेरून उतारावरच्या आरोळ्या ऐकू येत होत्या. तासाभरानं, एक जाडा सूर घुमत असतानाच तो आतून काहीतरी लांबलचक बोलला.

"काय? ऐकू नाही आलं!"

"पट्टी सोड आधी!"

तिनं बोट उचललं. एकदम शांतता.

"काही नाही," आतून आवाज आला.

"पोल्डी! एवढं मोठं 'काही नाही' कधी असतं का? बाहेर ये."

तो आला. नाकावर धूळ, हातात बारकी हातोडी.

"आत... दिसत नव्हतीस, म्हणून धीर झाला होता. समोर नाही जमत."

"जमव."

"मला उंचावर भोवळ येते, व्हेरेना. पहिल्या दिवशी मी नुसतं बघायला आलो होतो. दुसऱ्या दिवसापासून मात्र... त्या नऊ मिनिटांसाठी यायचो. मला तू आवडतेस. फार."

व्हेरेनानं त्याच्या हातातली हातोडी काढून बाकावर ठेवली.

"पुढचं काम कुठं?"

"हंगेरीच्या सीमेजवळ. ऑगस्टपर्यंत."

"ईस्टरनंतर बर्फ वितळतो. मग मी रिकामीच असते."

"म्हणजे...?"

"म्हणजे पत्ता लिहून दे, मठ्ठ्या!"

कागद सापडेना. त्यानं तिचा हात हातात घेतला आणि तळव्यावर पेन्सिलीनं लिहू लागला. गुदगुल्या झाल्या, ती खिदळत पट्ट्यांकडे रेलली — आणि तिचं कोपर आठ-दहा पट्ट्यांवर एकदम पडलं. अख्खं चर्च भयंकर गर्जलं.

फादर धापा टाकत आत आले. "अरे देवा! काय मोडलं?"

"काही नाही, फादर," व्हेरेना मूठ घट्ट मिटत म्हणाली. "आत्ताच कुठं सूर जुळलाय."