खिडकीखालचा गिलावा

थोरल्या भावाची कवटी मागून फुटली होती. जिन्याच्या कोरीव कठड्यावर रक्त वाळून काळं पडलं होतं. सकाळी माहेरहून परतलेल्या त्याच्या बायकोने ते पाहिलं आणि हंबरडा फोडला.

इन्स्पेक्टरबाई पोचल्या तोवर हवालदाराने संशयित धरलाही होता. या संरक्षित घराची डागडुजी करणारा म्हातारा गवंडी. त्याचा ओठ फाटला होता. हवालदाराच्या हाताला भलतीच घाई आणि बाईंना त्याची मनस्वी चीड.

"काल संध्याकाळी मी दादाला भेटून निघालो," मृताचा धाकटा भाऊ म्हणाला. समोरच्या नव्या इमारतीचा ठेकेदार तोच. "हा तिथे खिडकीखाली चुन्याचा गिलावा करत होता. दोघांची चांगलीच जुंपली होती."

"खोटं आहे, बाई! मी काल इकडे फिरकलोसुद्धा नाही," गवंडी कळवळला. "भिंत उकरून ठेवलीय. पण चुना अजून टाक्यात मुरतोय, आठवडाभर त्याला हात लावायचा नाही."

"साक्षीदार?"

"कोण असणार? एकटा जीव मी."

विधवेने पुढे होऊन त्याच्या कानाखाली वाजवली. "तीन वर्षं माझ्या हातचा चहा प्यायलास रे!"

म्हाताऱ्याला फाशीच दिसत होती. तो मटकन खाली बसला.

बाई अंगणात गेल्या. टाक्यात चुन्यावर पाणी होतं, पाण्यावर जाड पापुद्रा. तो कुठेही मोडलेला नव्हता. परत येऊन त्यांनी खिडकीखालच्या पांढऱ्या गिलाव्यात नख रोवलं. नखच तुटलं.

"फोडा हे."

"संरक्षित भिंत आहे!" धाकटा ओरडला. "परवानगी लागते!"

"भावजी, हे घर पाडायला तर तुम्हीच टपला होतात," विधवा हळूच म्हणाली.

चार घावांत पोकळी उघडी पडली. आत हातभर पहार होती. टोकाला केस चिकटलेले, दांड्यावर पिवळा पट्टा. समोरच्या बांधकामावरच्या प्रत्येक हत्याराला तसाच पट्टा होता.

"चुन्याचा गिलावा एका रात्रीत दगड होत नाही," बाई म्हणाल्या. "हे सिमेंट आहे, वरून सफेदी फासलेलं. सिमेंटने जुन्या भिंती कुजतात, म्हणून या घरात त्याला बंदी. गवंड्याने ते कधीच वापरलं नसतं. तुम्ही मात्र रोज तेच वापरता. भाऊ घर पाडू देईना, म्हणून डोकं फोडलंत. बाहेर तुमचेच मजूर होते, रक्ताळलेली पहार नेता येईना. मग सवयीने बांधकामावरचं सिमेंट आणून तेच त्या उकरलेल्या भिंतीवर थापलंत. आणि चुन्याचा गिलावा 'पाहिल्याचं' सांगून स्वतःच अडकलात."

धाकट्याने पहार उचलली. हवालदाराच्या खांद्याचं हाड कडकन मोडलं. दुसरा घाव उगारला, तेवढ्यात बाईंनी त्याच्या गुडघ्यावर काठी हाणली. तो किंचाळत कोसळला.

"या दगडमातीपायी दादा मेला!" तो रडत ओरडला.

"दगडमातीपायी नाही," विधवा म्हणाली. "तुमच्या हातून मेले."

मग ती गवंड्यापुढे वाकली आणि पदराने त्याच्या ओठावरचं रक्त पुसू लागली.