लाल पिशवीचा दावेदार

तो पहिल्यांदा माझ्या खिडकीशी आला, तेव्हा त्याची हरवलेली वस्तू माझ्या पोटावर होती.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर भलतंच वाटेल. मी बसडेपोत 'हरवले-सापडले'च्या खिडकीत बसते. बसमध्ये लोक जे जे विसरतात – छत्र्या, डबे, एकेकटे हातमोजे, एकदा तर दातांची कवळी – ते सगळं माझ्या मागच्या फळ्यांवर येऊन पडतं. त्या सकाळी एक लाल रबरी शेकायची पिशवी आली होती, राखाडी विणलेल्या कव्हरातली. माझ्या पोटात पहाटेपासून कोणीतरी ओलं फडकं पिळावं तसं चाललं होतं. शेजारच्या कँटीनमध्ये गरम पाणी होतं. मोह झाला. झाला म्हणजे झाला.

"एक पिशवी हरवली आहे," तो म्हणाला. केस भिजलेले, खिशात दोन पेनं. "शेकायची. लाल."

मी खुर्ची टेबलाच्या आणखी आत ओढली. पोटावर पाणी डुचमळलं.

"ओळखीची खूण?"

"कव्हरला तीन बटणं. दोन पांढरी, एक निळं. निळं मी शिवलंय... म्हणून जरा तिरकं आहे."

ते तिरकं निळं बटण त्या क्षणी माझ्या बेंबीत रुतत होतं.

"अशी वस्तू आलेली नाही," मी कानाची पाळी ओढत म्हणाले आणि मग, चोरी माझी असूनही, संशय त्याचाच घेतला. चांगला धडधाकट माणूस. याला शेकायची पिशवी कशाला? "कोणासाठी हवी होती?"

"अर्जात तसा रकाना आहे?"

"आहे." नव्हता.

"मग लिहा – स्वतःच्या कमरेसाठी. दिवसभर बसून काम. तिसऱ्या मजल्यावर बसची वेळापत्रकं करतो, गेल्या आठवड्यापासून." तो जरा हसला. "सापडली तर कळवाल?"

"आमची पद्धत आहे कळवायची."

तो गेला आणि मला पहिल्यांदाच स्वतःच्या खिडकीची लाज वाटली. पिशवी मात्र मी संध्याकाळी घरी नेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो पुन्हा हजर. "सापडली का?" तिसऱ्या दिवशीही. तीन आठवडे तो रोज दीड वाजता येऊन एकच प्रश्न विचारत होता आणि मी रोज कानाची पाळी ओढून नाही म्हणत होते. हळूहळू त्या प्रश्नाच्या मागेपुढे गप्पा वाढल्या.

"एवढं काय मेलं आहे त्या पिशवीत?" मी एकदा विचारलं.

"पिशवीत काही नाही. खिडकीत आहे."

मी रजिस्टरमध्ये मान घातली. कान तापले होते. पण आत कुठेतरी पाल चुकचुकलीच. असं गोड बोलणाऱ्या माणसाला काहीतरी हवं असतं. आईने तर नाही ना पाठवला? माझं लग्न जमवायला ती काहीही करेल.

मी अशी संशयी का, तेही सांगते. नऊ वर्षं माझं पोट दुखत होतं आणि नऊ वर्षं मी पुरावे देत होते. पाळी आली की आतड्यांत सुऱ्या फिरायच्या. शौचाला बसले की डोळ्यांपुढे अंधारी यायची, कधी रक्त दिसायचं. पोट असं फुगायचं की स्कर्टचं हूक लागायचं नाही. एक डॉक्टर म्हणाले पित्त. दुसरे म्हणाले, तुम्ही टेन्शन फार घेता. तिसऱ्यांनी आतड्यात कॅमेरा घालून पाहिलं आणि सगळं स्वच्छ आहे म्हणून हसत हसत कागद हातात दिला. आईसुद्धा एकदा म्हणाली, "मनावर घेऊ नकोस गं एवढं." त्या दिवसापासून मीही ठरवलं, की आपणही कोणाचं काही पुराव्याशिवाय मानायचं नाही.

मग एक डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनी पहिल्यांदा मला पूर्ण बोलू दिलं. एमआरआय काढायला लावला आणि कागदावर आतडं काढून दाखवलं. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर भलत्याच ठिकाणी, आतड्याला बाहेरून चिकटला होता. कॅमेरा आतून गेला, म्हणून त्याला काही दिसलं नाही. "एंडोमेट्रिओसिस, आतड्यावरचा," त्या म्हणाल्या. "तुम्ही खोटं बोलत नव्हता." मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले. गोळ्यांनी बऱ्याच जणींचं भागतं म्हणे, पण मला त्या गोळ्यांनी डोकेदुखीच लावली, आणि माझं आतडं तर एका जागी अरुंद होत चाललं होतं. दुखण्याची वही ठेवा, ऑपरेशनचं बघू, असं ठरलं.

यातलं त्याला मी काही सांगितलं नाही. आम्ही कालव्याकाठी फिरायला लागलो होतो, मंगळवारी आणि शुक्रवारी. अहो-जाहो गळून पडलं होतं. तो मला 'खिडकी' म्हणायचा, मी त्याला 'वेळापत्रक'. बाकावर बसताना तो माझ्या बाजूचं पाणी बाहीने पुसायचा, आणि चालता चालता त्याचा हात माझ्या हाताला लागला की दोघंही एकदम बसबद्दल बोलायला लागायचो. अशा माणसाला आतड्याच्या गोष्टी कुठल्या तोंडाने सांगायच्या? म्हणून दुखण्याचा दिवस आला की मी कारण द्यायचे. पहिल्या महिन्यात मावशी आली. दुसऱ्या महिन्यात किल्ली हरवली. तिसऱ्या महिन्यात मावशी गेली.

"अरेरे," तो म्हणाला. "फार जवळची?"

"फार," मी कानाची पाळी ओढत म्हणाले.

चौथ्या महिन्यात मात्र गंमतच झाली. सकाळी दुखायला सुरुवात झाली, मी कारण शोधत होते, तेवढ्यात त्याचाच निरोप आला, 'आज जमणार नाही. काम आहे.' मी सुटकेचा निःश्वास टाकला. पाचव्या महिन्यात पुन्हा तसंच. तेव्हा मी वही उघडली आणि बोट ठेवून तारखा लावल्या. बाकी एकही मंगळवार, एकही शुक्रवार त्याने चुकवला नव्हता. चुकवला तो नेमका माझा दुखण्याचा दिवस.

हा योगायोग नव्हता. पण मग काय होतं? दुसरी कोणी, महिन्यातून एकदा भेटणारी? का आईने सगळं सांगून टाकलंय, आणि याला फक्त माझे चांगले दिवस हवेत, दुखरे नकोत? खरं सांगते, दुसऱ्या बाईपेक्षा या विचाराने मला जास्त रडवलं. बारा तारखेला ऑपरेशन ठरलं होतं. दवाखान्याच्या कागदावर 'सोबत कोण राहणार' याच्यापुढे मी आईचं नाव लिहिलं होतं आणि त्याच्याखालची ओळ कोरी ठेवली होती. त्या ओळीत त्याचं नाव घालायचं की नाही, हे मला बारा तारखेच्या आत कळायला हवं होतं.

सहाव्या महिन्यात त्याचा निरोप आला, 'आज जमणार नाही.' संध्याकाळी सहाला मी लाल पिशवी पोटाशी धरून खिडकीशी उभी होते. आमचं घर चौथ्या मजल्यावर आहे. खाली समोरच्या बसथांब्यावर वेळापत्रक बसलं होतं.

एक बस आली. तो चढला नाही. दुसरी आली, तिसरी आली. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि आमच्या इमारतीकडे पाहिलं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पहिल्या मजल्यावर गाणं शिकवणारी बाई राहते. देखणी आहे. बरोबर साडेसहाला तिची शिकवणी सुटते.

मी वाकडी होत, कठडा धरत चार मजले उतरले. पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, हे खाली आल्यावर दिसलं.

"काम आहे म्हणालास ना?"

तो ताडकन उठला. "तू... तू खाली कशाला आलीस? आज तुझं–"

"आज माझं काय?"

"काही नाही."

"कोणी सांगितलं तुला? आईने?"

"कोणी नाही सांगितलं. आधी खाली बस. रंग उतरलाय तुझा." मी बसले नाही, तसा तोही उभाच राहिला. "खिडकी, मी वेळापत्रकं करतो गं. तीन महिने तू भेट टाळलीस. मावशी, किल्ली, मावशी. मध्ये अठ्ठावीस दिवस, पुन्हा अठ्ठावीस दिवस. त्याच्या आदल्या भेटीत तू तिरकी बसायचीस, काही खायची नाहीस. काहीतरी दुखतंय एवढं कळलं. काय ते विचारायचा धीर झाला नाही."

"म्हणून तू भेट टाळायचास? दुखरी मी नको म्हणून?"

"नाही. तू खोटं फार वाईट बोलतेस म्हणून." त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुला किती त्रास व्हायचा ते बोलताना. आधीच दुखतंय, वर कारण शोधायचं, वर मावशीला मारायचं. म्हटलं, तुझ्या आधी आपणच नाही म्हणावं. एक काम तरी कमी."

संशय मात्र अजून शिल्लक होता. "मग इथे काय करतोयस? गाण्याच्या बाईकडे बघत?"

"कोण गाण्याची बाई?" तो खरंच गोंधळला. "मी बसतो आपला इथे. तुला काही लागलं तर... जवळ कोणीतरी असावं."

"तू इथे आहेस हे मला कसं कळणार होतं?"

तो विचारात पडला. "ते राहिलंच बघ."

"याला पाळत ठेवणं म्हणतात. परत केलंस तर पोलिसात देईन."

"दे. फक्त त्यांना सांग, की माझी पिशवी तुझ्याकडे आहे."

मी खाली पाहिलं. लाल पिशवी अजून माझ्या पोटाशीच होती, तिरकं निळं बटण बाहेरच्या बाजूला.

"कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून. पाणी डुचमळलेलं ऐकू आलं. म्हटलं, जिला नोकरी पणाला लावून शेकावं लागतंय, तिला कमरेपेक्षा काहीतरी मोठं दुखत असणार."

मी बसले. नऊ वर्षांत कोणी पुरावा न मागता माझं दुखणं मानलं नव्हतं, आणि या माणसाने नुसत्या पाण्याच्या आवाजावर मानलं होतं. मग मी सगळं सांगितलं. कुठलाही शब्द गाळला नाही – पाळी, शौच, रक्त, सगळं. बारा तारीख सांगितली. "आतड्याचा तुकडा काढतील. जोड नीट भरून यावा म्हणून कदाचित पोटावर पिशवी लावतील, शौचाची. तीन महिने. आता नाही म्हणायचं असेल तर म्हण. मी काही मावशी-बिवशी मारणार नाही."

तो बराच वेळ वहीचा कोपरा दुमडत राहिला. मी श्वास धरून त्याच्या चेहऱ्यावर किळस शोधत होते. एक बस आली आणि गेली.

"बारा तारखेला किती वाजता?" त्याने विचारलं. "रजेचा अर्ज टाकायचाय."

घरी गेल्यावर मी ती कोरी ओळ भरली.

बारा तारखेला सकाळी सिस्टरने त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "नातं लिहिलेलं नाही. हे कोण?"

"दावेदार," मी म्हणाले. आईने कपाळाला हात लावला.

ऑपरेशन साडेचार तास चाललं, असं मला नंतर कळलं. डॉक्टरीणबाई आणि आतड्याचे सर्जन दोघं मिळून करत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नीट जाग आली, तेव्हा पहिल्यांदा हात पोटावर गेला. पिशवी होती. मी मान वळवली. तो खुर्चीत होता, कंबर धरून.

"लागली ना शेवटी," मी म्हणाले. घसा कोरडा होता. "बघायचीय?"

"दाखव."

मी चादर बाजूला केली, आणि पिशवीकडे न बघता त्याच्याकडेच बघत राहिले. त्याने नीट वाकून पाहिलं. "याला कव्हर लागेल," तो म्हणाला. "मी शिवतो. बटण तिरकं होईल फक्त."

हसल्यावर टाके दुखतात, हे मला तेव्हा कळलं. पण एवढ्याने भुलणारी मी नाही.

"काल सबंध वेळ तू इथे होतास?"

"होतो."

"कशावरून?"

त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. "थिएटरसमोर लिफ्ट आहे. हाताला चाळा म्हणून वेळा लिहीत बसलो." मी आईकडून चष्मा मागून घेतला आणि ओळ न ओळ वाचली. नऊ दहाला वर, नऊ चौदाला खाली, नऊ एकवीसला वर... सगळा कागद भरलेला. आणि मध्येच एक मोकळी जागा.

"अकरा चाळीस ते अकरा पंचावन्न. इथे काहीच नाही. कुठे गेला होतास?"

"तिथेच होतो."

"मग पंधरा मिनिटं लिफ्ट आली नाही?"

"आली असेल." तो खिडकीबाहेर पाहायला लागला. "मला दिसत नव्हती. जरा... रडत होतो."

मी आईकडे पाहिलं. साक्षीदार लागतोच.

"रडत होता गं," आई म्हणाली. "माझा रुमाल अजून त्याच्याकडेच आहे."

मी त्याच्या खिशातलं पेन काढलं. ते चालेना. दुसरं काढलं. त्या मोकळ्या जागेत मी लिहिलं, 'दावा मंजूर', आणि खाली सही केली.

"तारीख घाल," तो नाक ओढत म्हणाला. "तारखेशिवाय तिसऱ्या मजल्यावर चालत नाही."

मी तारीख घातली.