चार मायक्रोसेकंदांचा घोळ

नर्मदा बेठेकरच्या, म्हणजे नमूच्या, टिटवीला हल्ली पूर्वीपेक्षा दुप्पट विमानं दिसत होती, पण तिचं घड्याळ मात्र काही केल्या जुळत नव्हतं. सोळा दिवस झाले होते. ही काय भानगड आहे, ते नमूला कळत नव्हतं.

ही टिटवी पक्षी नव्हती. जेवणाच्या डब्याएवढी ती एक पेटी होती आणि छपरावर तिचा हातभर लांबीचा अँटेना उभा होता. आकाशातलं प्रत्येक विमान रेडिओवरून सतत आपलं नाव, उंची आणि ठिकाण सांगत असतं. हे संदेश पकडणाऱ्या यंत्राला रिसीव्हर म्हणतात. २०४३ साली मेळघाटात औषधं नेणारी छोटी बिनवैमानिकाची विमानं सुरू झाली, तेव्हा त्यांच्यावर लक्ष ठेवायला डोंगरातल्या काही घरांत असे रिसीव्हर बसवले गेले. ‘टिटवी’ हे नाव त्यांना अमरावतीच्या उड्डाण कक्षाने दिलं होतं. भुरीटेक गावातली टिटवी बारा वर्षांच्या नमूकडे होती आणि तिची निगा नमूच राखायची.

रोज सकाळी दात घासता घासता ती विचारायची, “टिटवे, तब्येत सांग.”

टिटवी खणखणीत आवाजात सांगायची, “वीज ठीक. इंटरनेट ठीक. संदेश ठीक, एकेचाळीस विमानं ऐकू येतात. जागा नोंदलेली आहे. घड्याळ जुळत नाही.”

म्हणजे पेटीवरचे चार दिवे हिरवे आणि पाचवा पिवळा. नमूची आई सरकारी दवाखान्यात नर्स होती. सोळा दिवसांपूर्वी त्यांना दवाखान्याच्या आवारातलं जुनं घर सोडून टेकडीच्या टोकावरच्या नव्या घरात यावं लागलं. अँटेना नमूने स्वतः छपरावर चढून बसवला. तेव्हापासून तो दिवा पिवळा होता. तिने वायर बदलली, पेटी बंद करून पुन्हा सुरू केली, आतली बॅटरीही बदलली. विमान सांगतं त्या ठिकाणाहून त्याचा संदेश कधी पोचायला हवा आणि प्रत्यक्षात कधी पोचला, हे टिटवी ताडून बघायची. मग एका वहीत नमू रोज घड्याळातला हा फरक लिहून ठेवू लागली. कधी चार मायक्रोसेकंद पुढे, कधी चार मागे, कधी जवळपास शून्य. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा फरकाने कोणाचं काय बिघडणार, असं आई म्हणायची. पण पिवळा दिवा पाहिला की नमूला घास गोड लागत नसे.

त्या गुरुवारी टेकडीवर दाट धुकं होतं. आदल्या रात्री घाटात दरड कोसळली होती आणि परतवाड्याचा रस्ता बंद होता. नमूचे बाबाही खालीच अडकले होते. दुपारी बाराला आईचा दवाखान्यातून फोन आला.

“नमू, मला यायला उशीर होईल. कोटमीच्या बिसूला घोणस चावली आहे. प्रतिविषाच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) दहा कुप्या होत्या, त्या दिल्या. अजून दहा लागणार. खंड्या नावाचं औषधांचं विमान त्या घेऊन येतंय. तू जेवून घे—”

तेवढ्यात खिडकीबाहेर धडाम आवाज झाला. दरड फोडायला घाटात सुरुंग उडवला होता. नमू काही बोलणार, तोच साडेतीन सेकंदांनी फोनमधूनही तोच आवाज आला.

“ऐकलंस?” आई म्हणाली. “आत्ता उडवला.”

“मी तर कधीच ऐकला,” नमू म्हणाली. आईने फोन ठेवला.

बिसू नऊ वर्षांचा होता. आठवड्याच्या बाजारात तो आजोबांबरोबर मोहाची फुलं विकायला बसायचा आणि नमू दिसली की हटकून विचारायचा, “आज किती विमानं धरली?” नमूला जेवण गेलं नाही.

पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन वाजला. या वेळी अमरावतीच्या उड्डाण कक्षातून ललिता ढोके बोलत होत्या. टिटव्यांचं सगळं काम त्यांच्याकडे होतं.

“नमू, आई आहे का घरी?”

“नाही ताई, दवाखान्यात आहे. काय झालं?”

“खंड्याचं ठिकाण सांगणारं यंत्र बंद पडलंय. तुमच्याच डोंगरांवर कुठेतरी ते घिरट्या घालतंय. नाव सांगतंय, उंची सांगतंय, पण कुठे आहे ते त्याचं त्यालाच माहीत नाही. वाऱ्याने सरकतही असेल. चाळीस मिनिटांची बॅटरी उरली आहे.”

“तुम्ही त्याला वळवू शकत नाही?”

“वळवू शकते. डावीकडे जा म्हटलं तर जाईल. पण ते कुठे आहे हेच ठाऊक नसताना कुठे वळवू?”

“मग टिटव्यांना विचारा ना! मला त्याचा आवाज येतोय.” टिटवीच्या पडद्यावर खरंच खंड्याचं नाव लुकलुकत होतं.

“तेच करतेय गं. परतवाड्याची आणि हरीसालची टिटवी त्याला ऐकते. पण तीन लागतात. तिसरी तुझी, आणि तिचं घड्याळ जुळत नाही.”

“तीनच का?”

ललिताताईंना घाई होती, पण या मुलीला अर्धवट उत्तर चालत नाही, हे त्या ओळखून होत्या. “सुरुंगाचा आवाज जवळच्याला आधी ऐकू येतो की नाही?”

“हो! आत्ताच मला आधी आला, आईला साडेतीन सेकंदांनी.”

“बरोबर. कारण आवाजाला तेवढं अंतर कापायला वेळ लागला. रेडिओच्या लहरींचंही तसंच, फक्त त्या प्रचंड वेगवान असतात. एका मायक्रोसेकंदात तीनशे मीटर. खंड्याचा एकच संदेश परतवाड्याला कधी पोचला आणि हरीसालला कधी, यातला फरक मोजला की नकाशावर एक वाकडी रेघ मिळते. खंड्या त्या रेघेवर कुठेतरी असतं. तिसऱ्या टिटवीमुळे दुसरी रेघ मिळते. दोन्ही रेघा जिथे एकमेकींना कापतात, तिथे आपलं विमान. पण घड्याळ चार मायक्रोसेकंद चुकलं, तर रेघ भलतीकडेच जाते. तुझी जागा नोंदलेली आहे ना?”

“हो, तो दिवा हिरवा आहे.”

“मग घड्याळच बिघडलं असणार. राहू दे बाळा. मी दुसरं काही जमतं का बघते.”

“ताई, मला दहा मिनिटं द्या,” नमू म्हणाली. “फोन ठेवू नका.”

तिने वही उघडली. चार पुढे, चार मागे, शून्य, चार मागे, तीन पुढे. सोळा दिवसांत तिने ही पानं इतकी चाळली होती की आकडे पाठ झाले होते. पण आज पहिल्यांदाच तिच्या मनात आलं: घड्याळ बिघडलं असेल, तर ते सगळ्यांसाठी सारखंच बिघडलेलं असणार. स्वयंपाकघरातलं घड्याळ पाच मिनिटं पुढे आहे. ते दूधवाल्यासाठी पुढे आणि शाळेच्या गाडीसाठी मागे, असं कसं होईल? मग ही टिटवी एका विमानासाठी पुढे आणि दुसऱ्यासाठी मागे कशी?

तिने प्रत्येक वेळी आकडा लिहिला होता, पण विमान कोणत्या बाजूला होतं, ते एकदाही लिहिलं नव्हतं.

“टिटवे, आत्ता जी विमानं ऐकतेस, त्यातल्या एकेकाची दिशा आणि घड्याळाचा फरक सांग. सावकाश.”

“नागपूरकडचं, पूर्वेला. संदेश चार मायक्रोसेकंद लवकर आला. मुंबईकडून येणारं, पश्चिमेला. चार उशिरा. दिल्लीकडचं, उत्तरेला. शून्य. हैदराबादकडचं, दक्षिणेला. शून्य. आणखी एक, पूर्वेला. चार लवकर.”

नमूने कागदावर मधोमध एक ठिपका काढला आणि चारी बाजूंना आकडे लिहिले. पूर्वेकडचे सगळे संदेश लवकर येत होते, पश्चिमेकडचे सगळे उशिरा. जणू कोणीतरी टिटवीला उचलून पूर्वेकडे सरकवून ठेवलं होतं. चार मायक्रोसेकंद, प्रत्येकात तीनशे मीटर.

“बाराशे मीटर,” ती पुटपुटली आणि ताडकन उठून उभी राहिली. “ताई! घड्याळ बरोबर आहे! जागा चुकली आहे! आम्ही घर बदललं. दवाखाना इथून पश्चिमेला सव्वा किलोमीटरवर आहे, आणि टिटवीला अजून वाटतंय की ती तिथेच आहे!”

पलीकडून ललिताताईंचा आवाज आला, थोडा खजील झालेला. “जागेचा दिवा हिरवा होता म्हणून मीही पुढे काही विचारलं नाही. जागा नोंदलेली आहे, एवढंच तो सांगतो. ती बरोबर आहे की नाही, हे त्याला कुठून कळणार? नमू, एकोणतीस मिनिटं आहेत. छपरावर जाऊ शकशील? शिडी ओली असेल.”

“मीच चढवलाय तो अँटेना,” नमू म्हणाली.

शिडी खरोखरच ओली होती. दर पायरीला ती आधी हाताने घट्ट धरायची, मग पाय उचलायची. वर धुकं इतकं होतं की छपराचं दुसरं टोक दिसत नव्हतं. अँटेनाजवळ फोन धरून ती उभी राहिली. पडद्यावरचे अक्षांश-रेखांश (पृथ्वीवरची जागा नेमकी सांगणारे आकडे) थरथरत बदलत होते. घाईघाईत पहिले दिसलेले आकडे घ्यायचा तिला मोह झाला. पण ती दीड मिनिट थांबली. आकडे स्थिर झाले, तेव्हा तिने ते मोठ्याने वाचले आणि ललिताताईंनी कक्षातून नोंदवले.

खाली आल्यावर तिने विचारलं, “टिटवे, तब्येत?”

“वीज ठीक. इंटरनेट ठीक. संदेश ठीक. जागा नव्याने नोंदली. घड्याळ तपासतेय.”

नागपूरचं एक विमान गेलं. मग हैदराबादचं. नमू दिव्याकडे बघत होती. तिसरं विमान मुंबईकडून आलं आणि पाचवा दिवा हिरवा झाला.

“घड्याळ जुळलं,” टिटवी म्हणाली.

ललिताताईंच्या नकाशावर दोन रेघा उमटल्या आणि एका दरीवर एकमेकींना कापून गेल्या. खंड्या भुरीटेकच्या उत्तरेला सात किलोमीटरवर होतं. वाऱ्याने ते मध्य प्रदेशच्या दिशेने सरकत चाललं होतं.

“उजवीकडे वळवते,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ त्या फक्त अंतर सांगत राहिल्या. सहा किलोमीटर. चार. अडीच. वारा समोरून होता आणि बॅटरी भराभर उतरत होती. दवाखान्यापासून पाचशे मीटरच्या आत आलं की खंड्याच्या कॅमेऱ्याला धुक्यातूनही खालचा खुणेचा दिवा दिसणार होता. नऊशे. सातशे. पाचशे.

“दिवा दिसला त्याला,” ललिताताई म्हणाल्या, आणि त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की नमूला तो फोनवरून ऐकू आला.

आईचा फोन संध्याकाळी आला. बिसूच्या अंगात दुसऱ्या दहा कुप्या गेल्या होत्या. पायाची सूज वर चढायची थांबली होती आणि त्याने पाणी मागितलं होतं. “ललिताने मला सगळं सांगितलं,” आई म्हणाली. “आता तरी जेवून घे.”

शनिवारी नमू त्याला भेटायला गेली. पाय उशीवर ठेवून बिसू पडला होता. तिने कागदावर तीन ठिपके आणि दोन रेघा काढून त्याला सगळी हकीकत सांगितली.

बिसूने त्या दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. “खंड्याने उंचीसुद्धा सांगितली नसती तर?”

हे नमूने विचारलंच नव्हतं. तिथूनच तिने ललिताताईंना फोन लावला आणि तो स्पीकरवर ठेवला.

“तर चार टिटव्या लागल्या असत्या,” त्या म्हणाल्या. “चौथी असेल, तर विमानाने नावाखेरीज काहीच सांगितलं नाही तरी आपण त्याला शोधू शकतो. पण डोंगरात मला उंच छप्पर हवं, आणि रोज लक्ष देणारं माणूस.”

“आमच्या कोटमीच्या शाळेचं छप्पर सगळ्यांत उंच आहे,” बिसू अंथरुणातून ओरडला. “आणि माणूस मी!”

तीन आठवड्यांनी नवी पेटी घेऊन नमू कोटमीला गेली. छपरावर अँटेना बसवून झाल्यावर तिने फोन बिसूच्या हातात दिला. तो अजून थोडा लंगडत होता, पण शिडी चढायला त्याने कोणाची मदत घेतली नव्हती. धुकं विरलं होतं आणि चारी बाजूंना हिरवेगार डोंगर दूरवर दिसत होते. आकडे स्थिर होईपर्यंत बिसू श्वास रोखून उभा राहिला, मग त्याने ते एकेक करून वाचले. थोड्याच वेळात शाळेच्या खिडकीतून एक नवा, खणखणीत आवाज आला, “एक विमान ऐकू येतंय.” बिसूने मान वर केली आणि त्या मोकळ्या आभाळात तो ते शोधू लागला.