सहा नंबरच्या केबिनमधला हुंकार

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. दुसऱ्या कुणी सांगितली असती तर मीही ठेवला नसता. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावशी, आणि तिने उभ्या आयुष्यात कधी थाप मारलेली नाही. तिला ते जमतच नाही.

दिवस १८ एप्रिल २०१९, गुरुवार. जागा जपानमध्ये, ओनोमिची बंदराच्या पुढे, सेतोच्या समुद्रात. बेटाचं आणि जहाजाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण दोन्हीकडची माणसं भली आहेत.

आणि वेळ रात्रीची नव्हती. दुपारचे तीन वाजले होते.

मिसाओ मावशी आणि कात्सुरो काका. काका रिटायर झाल्यापासून दोघांना जहाजांचं वेड लागलं होतं. योकोहामाहून सुटणारी ती मोठमोठी जहाजं असतात ना, तीन-तीन हजार माणसांची? त्यांच्या एकोणीस सफरी झाल्या होत्या. पण विसाव्या वेळेला काकांनीच नाही म्हटलं.

"पुरे झालं," काका म्हणाले. "समुद्र बघायला लिफ्टने जावं लागतं. हे काय जहाज झालं? हा तर मॉल आहे, पाण्यात पडलेला."

काकांनी एका दमात एवढं बोलणं म्हणजे नवलच. एरवी त्यांचा सगळा संसार एका 'हं'वर चालायचा. जेवलात का? हं. आवडलं का? हं. मावशी आम्हाला म्हणायची, "यांच्या 'हं'चे सगळे अर्थ मला पाठ आहेत रे. चव्वेचाळीस वर्षं दुसरं ऐकलंय काय मी!"

तर त्या वर्षी लहान जहाज ठरलं. सोळा प्रवासी, चार खलाशी, आठ केबिन. जमिनीवर ताताम्या, म्हणजे गवती चटया, अंथरलेल्या, बूट दाराबाहेर काढायचे. घरच्यासारखं.

मोठ्या जहाजावर चढताना-उतरताना कार्ड दाखवायचं, यंत्र 'टिंग' करायचं आणि मोजणी आपोआप व्हायची. इथे यंत्र-बिंत्र काही नव्हतं. शिडीपाशी एक फळी होती आणि तिच्यावर सोळा लाकडी पाट्या टांगलेल्या. प्रत्येक पाटीवर एकेकाचं नाव, एका बाजूला काळ्या अक्षरात, दुसऱ्या बाजूला लाल. उतरताना लाल करायची, चढताना काळी.

"आजी, नियम एकच," कप्तान पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "आपली पाटी आपणच फिरवायची. दुसऱ्याची नाही. नवऱ्याचीसुद्धा नाही."

"आजी कुणाला म्हणतोस रे? पन्नाशीचा दिसतोस की तू!" मावशी म्हणाली, आणि सगळे हसले.

तिसऱ्या दिवशी जहाज त्या बेटावर लागलं. तेवीस माणसांची वस्ती. एक धक्का, एक देऊळ, धक्क्यावर हिरव्या सार्वजनिक फोनचं एक खोकं. बास.

परत निघायच्या वेळी धुकं उतरू लागलं. वाटेत हास्साकूची विक्री मांडलेली होती. ती जाड सालीची, किंचित कडवट संत्री. विकायला माणूस नाही, पैसे टाकायला नुसता डबा ठेवलेला. काका तिथे थांबले.

"तू हो पुढे. मी दोन घेऊन आलोच."

"लवकर या. नाहीतर बसाल इथेच मासे मारत!"

मावशी शिडी चढली. तिने आपली पाटी काळी केली.

आणि तिचा हात शेजारच्या पाटीवरही गेला...

सवय, दुसरं काय? काकांचे फॉर्म तीच भरायची, सह्या तीच करायची, औषधांच्या वेळा तीच सांभाळायची. माणूस मागून येतोच आहे, आल्यावर पाटी फिरवायला विसरेल, उगाच सगळ्यांसमोर शोभा होईल, एवढाच विचार. तिने काकांची पाटीही काळी केली.

केबिनमध्ये येऊन ती टेकते न टेकते, तोच बाहेर पावलं वाजली.

जड पावलं... अगदी सावकाश.

ती वाकून बॅगेत काहीतरी शोधत होती. मागून कोणीतरी आत आलं. बाथरूमचं दार लागलं. कडी सरकली.

"आलात का?" तिने न बघताच विचारलं.

"हं."

तिचा जीव भांड्यात पडला. थोड्या वेळाने भोंगा झाला आणि जहाज सुटलं.

खिडकीबाहेर काही दिसत नव्हतं. नुसतं पांढरं. आत नळ चालू होता. पाच मिनिटं झाली, दहा झाली... नळ चालूच.

"अहो, पोट बिघडलं की काय?"

"हं."

पाऊण तास गेला. मग आतून कण्हल्याचा आवाज आला. काकांना छातीचा त्रास होता. दुखू लागलं की जिभेखाली ठेवायची गोळी मावशीच्या पर्समध्येच असायची. काकांकडे दिली तर ते हरवतील म्हणून.

"गोळी देऊ का?"

"हं."

कडी सरकली. दार चार बोटं उघडलं. आत दिवा नव्हता.

आणि फटीतून एक हात बाहेर आला...

तिने तळव्यावर गोळी ठेवली. तिचं बोट त्या हाताला लागलं. बर्फासारखा गार. आणि फार वेळ पाण्यात राहिल्यावर बोटं सुरकुततात ना, तशी ती पाचही बोटं. एवढा वेळ नळाखाली हात धरल्यावर आणखी काय होणार, असं तिला वाटलं.

हात आत गेला. कडी लागली.

चार वाजून पाच मिनिटांनी तिचा मोबाइल वाजला. पडद्यावर नंबर नव्हता. 'सार्वजनिक फोन', एवढंच.

"अगं, मी... मी आहे."

आवाज घोगरा, धाप लागलेला.

आता इथे तुम्ही मावशीला नावं ठेवाल. ठेवू नका. आमच्याकडे म्हाताऱ्यांना फोनवरून फसवणाऱ्यांच्या टोळ्या आहेत. त्यांची सुरुवात हमखास हीच असते, 'मी आहे, मी!' आवाज बदललेला, कारण म्हणे सर्दी झालीय. मी संकटात आहे, मी आजारी आहे. मावशीच्या मजल्यावरची एक बाई अशीच नागवली गेली होती. पोलिसांनी सभा घेऊन सगळ्यांना पढवलं होतं, 'मी आहे' म्हणाला की ठेवून द्या. तो कागद मावशीच्या फ्रिजवर चिकटवलेला होता. मीच चिकटवला होता.

"कोण मी?" मावशी कडाडली.

"मी गं! जहाज... छातीत फार... गोळी..."

"वा! छातीत दुखतंय? काल सर्दी झाली असेल, उद्या अपघात होईल! मेल्या, आईबापाच्या वयाच्या माणसांना फसवताना लाज नाही वाटत? माझे यजमान इथेच आहेत. आत बाथरूममध्ये आहेत. बोलावू का?"



पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता...

मग अगदी बारीक आवाजात त्याने विचारलं,

"आत... कोण आहे?"

मावशीने फोन कापला.

"ऐकलंत का हो?" ती दाराकडे बघून म्हणाली. "तुमच्या नावाने फसवायला निघाले होते मला! मी काय दूधखुळी आहे?"

आतून हसू आलं.

मोठ्याने नाही. खुदखुदल्यासारखं. पण बराच वेळ.

काका हसायचे नाहीत. आवडलं तर मान हलवायचे, फार तर मिशीत बोट फिरवायचे. चव्वेचाळीस वर्षांत मावशीने त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं.

फोन पुन्हा वाजला. सार्वजनिक फोन. ती बघत राहिली. हात पुढे जाईना. सहा वेळा वाजला... आणि थांबला.

त्यानंतर तो वाजला नाही.

तिची नजर केबिनच्या दाराबाहेर गेली. बूट काढायच्या जागेवर तिचे बूट होते. फक्त तिचेच.

मावशी भिंत धरत, अनवाणीच कप्तानाकडे गेली.

"जहाज फिरव. माझे यजमान बेटावर राहिलेत."

कप्तानाने फळीकडे बोट दाखवलं. "आजी, सगळ्या पाट्या काळ्या आहेत."

"मी फिरवली ती! मी फिरवली रे!"

त्याचा चेहरा उतरला. तो धावतच खाली आला आणि त्याने सहा नंबरचं बाथरूम ठोठावलं.

"आजोबा? आत आहात का?"

"हं."

कप्तानाने सुटकेचा श्वास सोडला. वळून मावशीकडे बघितलं. ती नजर मावशी अजून विसरलेली नाही. वयाने डोकं फिरलेल्या बाईकडे बघावं, तशी कनवाळू नजर.

"आहेत की, आजी. घाबरलात उगाच. चला, चहा घ्या गरम-गरम."

"दार उघड," मावशी म्हणाली. "तुझ्या पाया पडते. दार उघड."

ती खरंच खाली बसली. त्याचे पाय धरले. समजावण्यात, पाणी देण्यात, उठवून बसवण्यात वेळ जात होता. त्या वेळेचा हिशेब कप्तानही नंतर रडत सांगायचा. पंधरा मिनिटं गेली होती.

शेवटी त्याने बाहेरून नाणं घालून कडी फिरवली.

आत कोणी नव्हतं.

खिडकी नाही, दुसरं दार नाही. नळ कोरडा होता. पण जमिनीवर घोट्याएवढं पाणी साचलेलं, आणि ओहोटीनंतर चिखलाला येतो तसला वास. कप्तानाने बोट बुडवून जिभेला लावलं.

खारट होतं.

गोळी कुठेच सापडली नाही.

कप्तानाने जहाज फिरवलं आणि बेटावर फोन लावला. फोन तोमेयोबाईंनी घेतला. धक्क्याजवळ राहणाऱ्या, ऐंशी वर्षांच्या. त्या लगेच निघाल्या. दहा मिनिटांनी त्यांचा उलट फोन आला. कप्तानाने ऐकला आणि टोपी काढली.

मावशीला काही सांगावं लागलं नाही.

काका फोनच्या खोक्याशेजारच्या बाकावर बसलेले होते. बसल्या-बसल्याच गेले होते. त्यांचा मोबाइल मावशीच्या पर्समध्ये होता, तोही हरवू नये म्हणून.

धक्क्यावर मावशीला बघून तोमेयोबाई रडायलाच लागल्या.

"मी चारच्या सुमाराला इथूनच गेले हो. हे बसले होते. तोंड पांढरंफटक. मी म्हटलं, आमच्याकडे चला, नर्सला बोलावते. तर म्हणाले, नको. जहाज आत्ता वळेल."

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, माझी बायको आहे ना त्यावर. ती मला कधी विसरत नाही." बाईंनी डोळे पुसले. "आणि फळ सोलत बसले. एकेका फोडीचं पांढरं काढत होते. म्हटलं, अहो, राहू द्या. तर म्हणाले, तिला कडू लागतं."

सोललेल्या सात फोडी रुमालावर ठेवलेल्या होत्या. मावशीने त्या तिथेच बसून खाल्ल्या. कुणी अडवलं नाही.

चौकशी झाली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं, मृत्यू साडेचारच्या सुमारास. म्हणजे दुसरा फोन वाजून थांबला, त्यानंतर. आणि कप्तान बाथरूमबाहेर मावशीची समजूत घालत होता, तेव्हा. वेळेत जहाज वळलं असतं तर? वेळेत नर्स आली असती तर? डॉक्टरांनी होकारार्थी मान हलवली.

कप्तानाने पोलिसांना सांगितलं की आतून आलेला 'हं' त्याने स्वतःच्या कानांनी ऐकला. साहेबांनी ऐकून घेतलं. कागदावर काही लिहिलं नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तो काय प्रकार होता, मला माहीत नाही. पाटी काळी होती, जागा रिकामी होती, आणि कोणीतरी ती भरली, एवढंच मला कळतं. कोबेच्या माझ्या घरात बाथरूमच्या दाराची कडी मी काढून टाकलीय. बायको वैतागते. वैतागू दे.

मावशी आता एकटी राहते. ती भुताबद्दल बोलत नाही. लोक विचारतात, तो हात कसा होता, ते हसू कसं होतं. ती चहा ओतत राहते.

एकदाच बोलली. गेल्या हिवाळ्यात, मी निघता निघता.

"मला त्याची भीती नाही वाटत रे," ती म्हणाली. "तो कोण होता, कुठून आला, मला काही करायचं नाही त्याच्याशी."

मी बूट घालत होतो. तसाच थांबलो.

"चव्वेचाळीस वर्षं संसार केला मी. दोन आवाज होते माझ्यापुढे. एक दाराआड, एक फोनवर." तिने दार धरलं होतं. "परका होता, तो मला आपला वाटला. आणि आपला होता, त्याला मी विचारलं... कोण मी?"